न उघडलेल्या पोटातला अडथळा: आतड्याची आडवळणाची कारणं

आडवा_छेद (धागाकर्ता)

अपेंडिक्सच्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं की आतड्याला अडथळा येतो म्हणजे नक्की काय होतं, आणि सर्जन कधी 'थांबू या' म्हणतो तर कधी रात्रीच ऑपरेशन थिएटर उघडायला लावतो, ते कशावरून. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय. मी जिल्ह्याच्या गावी जनरल सर्जरी करतो. इथे लिहिलेलं वाचून कुणी घरच्या घरी निदान करू नये, एवढं सुरुवातीलाच सांगतो.

अडथळ्याची लक्षणं चार. पोटात कळा येतात, उलट्या होतात, पोट फुगतं, आणि शौच सोडाच, वाराही सरत नाही. चारही एकदम दिसतीलच असं नाही. अडथळा वर, जठराच्या जवळ असेल तर उलट्या लवकर सुरू होतात आणि पोट जवळपास सपाट राहतं. खाली असेल तर पोट आधी तडस लागल्यासारखं फुगतं आणि उलटी उशिरा होते, तीही घाण वासाची. 'सकाळी शौचाला झाली की, मग अडथळा कसला?' हे वाक्य नातेवाइकांकडून हमखास येतं. अडथळ्याच्या खालच्या भागात आधीचं जे साठलेलं असतं, ते आतडं बाहेर टाकतंच.

नेहमीची कारणं पटकन उरकतो. आधीच्या ऑपरेशननंतर आत चिकटलेलं आतडं, हर्नियात अडकलेलं आतडं, उतारवयात मोठ्या आतड्याचा कॅन्सर. आपल्याकडे यात टीबीची भर. टीबीने लहान आतडं जागोजागी आवळतं, विशेषतः जिथे ते मोठ्या आतड्याला मिळतं त्या कोपऱ्यात.

मला लिहायचंय ते या यादीत न बसणाऱ्यांबद्दल. पोटावर आधीच्या ऑपरेशनचा कसलाही छेद नाही, जांघेत गाठ नाही, वय तरुण, आणि तरी आतडं बंद. अशा पेशंटला 'गॅस झालाय' म्हणून सलाईन लावून घरी पाठवलं जातं. तो चार दिवसांनी बरा होतो, महिन्याने परत येतो. माझं म्हणणं एवढंच की छेद नसलेल्या पोटात अडथळा आला आणि तो आपोआप सुटला, तरी फाईल बंद करू नये. कारण सापडेपर्यंत शोधावं.

उदाहरण म्हणून ज्याने मला सगळ्यात जास्त घाम फोडलाय ते घेतो, अ‍ॅब्डोमिनल कोकून. विशीतली मुलगी, कित्येक महिने येऊन-जाऊन कळा, वजन उतरलेलं, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांची पाकिटं पर्समध्ये. पोटाच्या मधोमध मऊ गाठ हाताला लागते, दुखत नाही, आणि गंमत म्हणजे संध्याकाळी तपासली तर लागत नाही. सीटीत लहान आतड्याची सगळी वेटोळी मधोमध गोळा झालेली आणि त्यांच्याभोवती एक जाड कड. पोट उघडलं की आतडं दिसतच नाही. रेशमाच्या किड्याने स्वतःभोवती कोष विणावा तसा पांढरा, चिवट पडदा सगळ्या लहान आतड्यावर बसलेला असतो.

हा पडदा कापणं म्हणजे संयमाची परीक्षा. ओढायचं नाही, फाडायचं नाही. जिथे तो पातळ असेल तिथून कात्रीने आत शिरायचं आणि एकेक वेटोळं सोडवत जायचं. कुठे आतड्याला भोक पडलं तर ते शिवता येतं, पण असं आजारी, सुजलेलं आतडं शिवलेलं धरेलच याची खात्री नसते, आणि ते गळायला लागलं तर पेशंटचे पुढचे महिने दवाखान्यात जातात. त्यामुळे आतडं काळं पडलेलं नसेल तर एक इंचही कापून काढायचं नाही. ऑपरेशन तासन्‌तास चालतं आणि शेवटी 'काढलं काय?' तर एक पडदा. नातेवाइकांना ट्रे दाखवावा तर त्यात बघण्यासारखं काही नसतं.

या आजाराला कोकून हे नाव १९७८ साली सिंगापूरच्या सर्जननी दिलं. त्यांच्या पेशंट वयात येणाऱ्या मुली होत्या, म्हणून पाळीचं रक्त उलट्या दिशेने पोटात जाऊन हा पडदा तयार होत असावा असा तर्क मांडला गेला. पुढे पुरुषांतही सापडायला लागला, तेव्हा तो तर्क एकटा पुरेना. पोटातून वर्षानुवर्षं डायलिसिस घेणाऱ्यांत तो होतो. प्रॅक्टोलॉल नावाचं हृदयाचं एक औषध होतं, त्याने व्हायचा. ते औषध सत्तरच्या दशकातच वापरातून गेलं. आपल्याकडे मात्र पहिला संशय टीबीचा, म्हणून पडद्याचा तुकडा तपासायला पाठवायचाच. टीबी निघाला तर ऑपरेशनने काम अर्धंच झालं, बाकीचं काम गोळ्यांचं.

बाकीची कारणं प्रतिसादांत येतीलच. लिहा.

वाचनवेडी

बापरे. ट्रेमध्ये बघण्यासारखं काही नसतं हे वाचून हसू पण आलं. वाचतेय.

सातारकर_७१

डॉक, आमच्या थोरल्या मावशीचं सांगतो. वय ऐंशीच्या पुढे, अंगाने काडी, पण शेवटपर्यंत चुलीपुढे बसणारी. उजव्या मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत चमक यायची. सगळ्यांनी संधिवात धरला, मलमं झाली, तेल झालं. मग उलट्या सुरू झाल्या तेव्हा 'वयोमानाने पचत नाही'. शेवटी मोठ्या दवाखान्यात सीटी केला तर कमरेच्या हाडाच्या भोकात आतडं अडकलंय म्हणाले. गुडघ्याचा आणि आतड्याचा संबंध काय, हे मला आजही नीट कळलेलं नाही. मावशी वाचली, पण आतड्याचा तुकडा काढावा लागला.

आडवा_छेद

@सातारकर, मावशींना ऑब्ट्युरेटर हर्निया होता. ओटीपोटाच्या हाडाला खाली दोन्ही बाजूंना एकेक भोक असतं. ते पडद्याने झाकलेलं असतं आणि त्याच्या वरच्या कोपऱ्यातून एक नस मांडीत उतरते. माणूस धष्टपुष्ट असेल तर त्या वाटेत चरबी भरलेली असते. म्हातारपणी, त्यातून बाई कृश असेल तर चरबी झडते, वाट मोकळी होते आणि आतडं तिथे घुसतं. ते त्या नसेला दाबतं आणि नसेचा इलाका मांडीची आतली बाजू, म्हणून दुखणं गुडघ्याकडे जातं. पाय मागे ताणला किंवा आत वळवला की वाढतं, गुडघा पोटाशी घेतला की बरं वाटतं. हाउशिप आणि रॉम्बर्ग या दोन डॉक्टरांनी हे एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलंय. उजवीकडे जास्त होतो, कारण डावीकडच्या भोकावर मोठं आतडं पहारा देत बसलेलं असतं.

बाहेरून गाठ दिसत नाही, हाताला लागत नाही. म्हणून उशीर होतो, आणि उशीर झाला की आतडं कुजतं. कृश आजी, उलट्या आणि मांडीत चमक, एवढं एकत्र दिसलं की संधिवाताचं मलम बाजूला ठेवून सीटी करायचा.

एक्सरे_काका

रेडिओलॉजिस्ट आहे, त्यामुळे राहवत नाही. वरच्या आजींच्या बाबतीत एक गोष्ट हात जोडून सांगतो: पोटाचा सीटी मांडीच्या वरच्या टोकापर्यंत घ्या. कमरेपाशीच स्कॅन थांबवला तर हा हर्निया फिल्मच्या बाहेर राहतो आणि आम्ही रिपोर्टमध्ये 'कारण दिसले नाही' लिहून मोकळे.

आता एक्स-रेबद्दल. उभ्याने काढलेल्या फिल्मवर पाणी आणि हवेच्या पायऱ्या दिसल्या की अडथळा आहे हे कळतं. लहान आतडं ३ सेंटिमीटर, मोठं ६ आणि त्याची सुरुवातीची पिशवी ९ च्या वर फुगली तर जास्त, हा आमचा पाढा. पण एक्स-रे 'आहे' एवढंच सांगतो. 'कुठे' आणि 'कशामुळे' यासाठी शिरेतून औषध देऊन केलेला सीटीच हवा. त्यात मी आधी फुगलेलं आतडं जिथे एकदम बारीक होतं ती जागा शोधतो. मग आतड्याच्या मुळाशी रक्तवाहिन्यांचा भोवरा दिसतो का, म्हणजे पीळ पडलाय का ते बघतो. आतड्याची भिंत औषध घेतेय की फिकी राहिलीय हेही तितकंच महत्त्वाचं. भिंत फिकी असेल तर रिपोर्ट टाइप होईपर्यंत थांबत नाही, सरळ सर्जनला फोन करतो.

माझं आवडतं निदान सांगू? गॉलस्टोन इलियस. पित्ताशयातला मोठा खडा शेजारच्या आतड्याला चिकटून, भिंत झिजवून आत पडतो. मग प्रवास करत करत लहान आतड्याच्या शेवटच्या अरुंद भागात अडकतो. सहसा अडीच सेंटिमीटरच्या वरचा असतो. रिग्लर या रेडिओलॉजिस्टनी १९४१ मध्ये तीन खुणा सांगितल्या: अडथळा, पित्तनळ्यांत हवा आणि नको त्या जागी खडा. एक्स-रेवर तिन्ही एकत्र क्वचितच मिळतात, कारण बरेचसे खडे एक्स-रेवर उमटतच नाहीत. सीटीवर मात्र पित्तनळ्यांतली हवा दिसली की खुर्चीत सरसावून बसायला होतं.

हिंगाष्टक

एवढं सगळं वाचून सामान्य माणूस घाबरेल. आमच्याकडे पोट फुगलं की एरंडेल, वरून गरम पाणी आणि बेंबीला हिंग. पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. उठसूट सीटी कशाला?

आडवा_छेद

बेंबीला हिंग खुशाल लावा, माझी ना नाही. एरंडेल नको. पुढे वाट बंद आहे आणि मागून ढकलणारं औषध दिलं तर आतडं आणखी जोर लावतं, कळा वाढतात, आधीच फुगलेली भिंत फुटू शकते. नेहमीचा बद्धकोष्ठ आणि अडथळा यांतला फरक घरी ओळखायचा झाला तर एवढं पाहा: येऊन-जाऊन मुरडा मारतोय, उलटी झालीय आणि वाराही सरत नाहीये, तर तोंडाने काहीही देऊ नका. पाणीसुद्धा नको. थेट दवाखाना.

@एक्सरे_काका, फोनबद्दल दंडवत. असा रेडिओलॉजिस्ट नशिबाने मिळतो.

स्कालपेलस्य_कथा

मीही सर्जन. धागाकर्त्यांशी थोडा वाद घालतो. छेद नसलेल्या पोटात अडथळा आला की काहीतरी दुर्मिळच असणार, असा सूर लागतोय. तसं नाही. ऑपरेशन न झालेल्या पोटातही चिकटलेल्या पट्ट्या बऱ्याचदा सापडतात, कधी जुन्या सुजेमुळे, कधी जन्मापासूनच्या. त्यामुळे पेशंट स्थिर असेल तर नाकातून रायल्स ट्यूब, सलाईन आणि वाट बघणं हा मार्ग त्यांच्यासाठीही खुला आहे. ट्यूबमधून पाण्यात विरघळणारं कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेवर उमटणारं औषध, सोडा. ते २४ तासांत मोठ्या आतड्यात उतरलेलं एक्स-रेवर दिसलं तर बहुतेक वेळा ऑपरेशन टळतं. जुन्या सर्जनांचा 'लहान आतड्याच्या अडथळ्यावर सूर्य उगवू किंवा मावळू देऊ नका' हा बाणा सीटी नव्हता तेव्हाचा.

आडवा_छेद

मान्य. 'छेद नाही म्हणजे लगेच उघडा' असं मला म्हणायचं नव्हतं. लगेच करायचा तो सीटी. पण त्या सीटीत पीळ दिसला, दोन्ही टोकांनी बंद झालेलं वेटोळं दिसलं किंवा अंतर्गत हर्निया दिसला, तर कॉन्ट्रास्ट उतरायची वाट बघत बसू नये, एवढं तुम्हीही कबूल कराल.

अंतर्गत हर्निया म्हणजे आतडं बाहेर न येता पोटातल्या पोटातच एखाद्या कप्प्यात शिरतं. त्यातला डावीकडचा पॅराड्युओडिनल, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाशेजारचा, जास्त भेटतो. कप्प्याच्या तोंडाशीच एक मोठी शीर असते, इन्फिरिअर मेझेंटेरिक व्हेन. तोंड अरुंद दिसतं म्हणून कात्री चालवली तर रक्ताचा पाट. त्यामुळे आधी आतडं हळूच ओढून बाहेर काढायचं, मग ती शीर सांभाळून तोंड शिवायचं. माझ्या एका पेशंटची कित्येक वर्षं 'जेवल्यावर पोट दुखतं आणि आडवं पडलं की थांबतं' अशी तक्रार होती. त्याला मानसिक म्हणून शिक्का बसला होता. दुर्बिणीतून आतडं सोडवलं, दोन टाके घातले, काम झालं.

स्कालपेलस्य_कथा

पीळ असेल तर वाद नाही. सतत दुखणं, वाढलेली नाडी, ताप, पोट कडक, यांपैकी काही असेल तरीही नाही. फक्त एक भर घालतो: रक्तातलं लॅक्टेट (पेशींना रक्त कमी पडलं की वाढणारं द्रव्य) नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. आतडं मरायला लागल्यावरही ते काही वेळ साळसूद राहतं.

भूलभुलैया

भूलतज्ज्ञाची बाजूही ऐका. नातेवाईक म्हणतात 'लगेच ऑपरेशन करा', आणि आम्ही दोन तास सलाईन चढवत बसलो की चिडतात. लिटरच्या लिटर पाणी आतड्यात साचलेलं असतं, ते शरीराच्या हिशोबी गेलेलंच. पोटॅशियम घसरलेलं असतं. अशा पेशंटला तशीच भूल दिली तर प्रेशर कोसळतं. दुसरी भीती म्हणजे जठर तुडुंब असतं. भूल देताना ते उलटून फुफ्फुसात गेलं तर आतडं वाचूनही पेशंट हातचा जातो. म्हणून ती नकोशी वाटणारी नाकातली नळी ओढून काढू देऊ नका, कृपा करून. आजोबा झोपेत काढतात आणि घरचे म्हणतात 'त्रास होत होता त्यांना'.

तोक्योतली_ताई

इथे जपानमध्ये शरद ऋतूत दारोदारी पर्सिमॉनची झाडं लगडतात. माझ्या शेजारच्या आजींना अडथळा झाला तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, 'पर्सिमॉन किती खाल्लेत?' आम्ही थक्क. त्या फळातल्या तुरट द्रव्याचा जठरात घट्ट गोळा होतो म्हणे. आणि त्यावर चक्क कोलाचं पेय पाजतात हे खरं का?

आडवा_छेद

खरं आहे, ताई. तंतुमय अन्नाच्या गोळ्याला फायटोबेझोआर म्हणतात. जपान-कोरियात पर्सिमॉनमुळे तो जास्त दिसतो. आधी जठराचं ऑपरेशन झालेलं असेल, दात नसतील किंवा मधुमेहाने जठर मंदावलं असेल तर धोका अधिक. कोला पाजून जठरातले गोळे विरघळवल्याचे अनुभव प्रसिद्ध झालेले आहेत, पण पर्सिमॉनचा गोळा चिवट असतो, बऱ्याचदा जोडीला एंडोस्कोपीतून फोडावा लागतो. शिवाय अर्धवट विरघळलेला तुकडा खाली सरकून लहान आतड्यात अडकू शकतो. म्हणजे नसलेला अडथळा कोलाने तयार केला. आतडं आधीच बंद असेल तर कोला-बिला काही नाही. ऑपरेशनमध्ये गोळा बाहेरूनच चिमटीत दाबून मऊ करायचा आणि मोठ्या आतड्यात ढकलायचा. नाहीच गेला तर आतडं उघडून काढायचा. जठरात दुसरा गोळा लपलेला नाही ना, हे बघितल्याशिवाय पोट बंद करायचं नाही.

शाळेची_घंटा

मुलींच्या पोटात केसांचा गोळा निघाल्याच्या बातम्या येतात, तो प्रकार हाच का? माझ्या वर्गात एक मुलगी सतत वेणीचं टोक चघळते.

आडवा_छेद

हो, तो ट्रायकोबेझोआर. केस पचत नाहीत, जठराच्या आकाराचा गोळा होतो. कधी त्याची शेपटी लहान आतड्यात लांबवर जाते, त्याला १९६८ पासून रॅपन्झेल सिंड्रोम म्हणतात. मोठा असेल तर जठर उघडूनच काढावा लागतो आणि शेपटीचा तुटलेला तुकडा पुढे राहिलाय का ते सगळं आतडं हाताखालून घालून बघावं लागतं.

वेणी चघळणारी प्रत्येक मुलगी केस गिळत नाही. मात्र डोक्यावर विरळ चट्टे दिसत असतील, डबा अर्धा राहत असेल, पोट दुखतं म्हणत असेल तर तिच्या आईशी बोला, आणि वर्गासमोर नको. गोळा काढल्यानंतर मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलं नाही तर तो परत होतो. घरचे नेमकं तेच टाळतात, 'आमची मुलगी वेडी नाही' म्हणून.

नवा_आजोबा

बाळांबद्दल कुणी बोललंच नाही. नातवाला जन्मल्यावर आठवड्याभरात हिरवी उलटी झाली. नर्सबाईंनी दुपटं बघितलं आणि पळतच डॉक्टरांना बोलावलं. त्याच रात्री ऑपरेशन. आतड्याला पीळ होता म्हणाले. आता तो घरभर धावतो.

आडवा_छेद

त्या नर्सबाईंना साडी-चोळी द्या, आजोबा. दूध उलटणं वेगळं आणि हिरवी उलटी वेगळी. तान्ह्या बाळाची हिरवी उलटी म्हणजे दुसरं काही सिद्ध होईपर्यंत पीळच धरायचा. गर्भात आतडं ठरावीक क्रमाने वळून जागेवर बसतं. ते वळणं अर्धवट राहिलं तर त्याचं बूड अरुंद राहतं आणि सगळं लहान आतडं त्याच्याभोवती फिरतं. ऑपरेशन लॅड या सर्जनच्या पद्धतीने, १९३६ पासून जवळपास तेच चाललंय: पीळ घड्याळाच्या उलट दिशेने सोडवायचा, आडव्या गेलेल्या पट्ट्या कापायच्या, बूड रुंद करायचं आणि लहान आतडं उजवीकडे, मोठं डावीकडे ठेवायचं. अपेंडिक्स काढून टाकतात, कारण ते आता भलत्याच जागी असतं आणि पुढे दुखलं तर कुणाला ओळखू येणार नाही.

वाचनवेडी

एक प्रश्न. वर तो पित्ताचा खडा आतड्यातून काढला, पण पित्ताशय आणि आतड्याला पडलेलं भोक तसंच ठेवतात?

स्कालपेलस्य_कथा

बहुतेक वेळा तसंच. पेशंट सत्तरीचा, मधुमेही, पाणी संपलेला. अशा वेळी खडा अडकलाय तिथून थोडा मागे, चांगल्या आतड्यात सरकवायचा, उभा छेद घेऊन काढायचा आणि छेद आडवा शिवायचा, म्हणजे जागा अरुंद होत नाही. बाकीचं आतडं चाचपून दुसरा खडा नाही याची खात्री करायची. यकृताखालचा तो चिकटा त्याच दिवशी सोडवायला गेलं तर ऑपरेशन लांबतं आणि धोका वाढतो. ते भोक पुष्कळदा आपोआप बुजतं. पेशंट दणकट असेल तर काही जण एकाच वेळी सगळं करतात. मी करत नाही.

ठाण्याचा_ठोंब्या

धागा वाचून टरकलोय. बायकोची वजन कमी करायची बायपास सर्जरी झालीय, दुर्बिणीतून. वजन छान उतरलं. हल्ली मधूनच जेवल्यावर डावीकडे वर जोरात कळ येते, तासाभरात जाते. उलटी नाही. सोनोग्राफी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले गॅस. काय करू?

आडवा_छेद

ज्यांनी बायपास केली त्या सर्जनकडेच याच आठवड्यात जा. गॅस असेलही. पण बायपासमध्ये आतड्याची जोडणी बदलते, तेव्हा मागे नव्या फटी तयार होतात. त्यातली एक पीटरसनची. वजन उतरलं की आतली चरबी कमी होऊन फटी रुंदावतात, आतडं शिरतं आणि सुटतं, म्हणून कळ येते आणि जाते. सोनोग्राफीत हे सहसा दिसत नाही. दुखत असतानाच केलेला सीटी जास्त बोलका असतो, तोही बायपासचे सीटी वाचायची सवय असलेल्याने बघायला हवा. सीटी नॉर्मल आला आणि कळा चालूच राहिल्या तर दुर्बिणीतून आत बघून फटी शिवून टाकतात.

ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद मोबाईलमध्ये ठेवा. रात्री दुसऱ्याच दवाखान्यात जावं लागलं तर तिथल्या डॉक्टरला 'बायपास झालीय' हे पहिल्या वाक्यात सांगा. नाहीतर वजनाची बायपास की हृदयाची, यातच वेळ जातो. कळ थांबेना किंवा उलटी सुरू झाली, तर आठवड्याची वाट बघू नका.

ठाण्याचा_ठोंब्या

उद्याचीच अपॉइंटमेंट घेतली. धन्यवाद डॉक.

एक्सरे_काका

@ठोंब्या, जुन्या सीटीची सीडी असेल तर तीही सोबत न्या. नुसता रिपोर्ट नको.